मेंदूवरचा दाब वाढलेला आहे आणि बाळंतपण जवळ आलंय, कळांसाठी कंबरेतली भूल घेता येते का?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बत्तिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. दोन वर्षांपूर्वी मला सतत डोकं दुखायचं, सकाळी उठल्यावर जास्तच, कानात आपलीच नाडी धप धप ऐकू यायची आणि खाली वाकून चप्पल घालून उभी राहिले की डोळ्यांपुढे दोन-तीन सेकंद करडा पडदा यायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून आत पाहिलं आणि म्हणाले डोळ्याच्या नसेला सूज आहे, आजच न्यूरोकडे जा. एमआरआय केला, शिरांचाही केला, गाठ नाही, गुठळी नाही, मेंदूभोवतीचं पाणी कुठे अडलेलं नाही. मग कंबरेत सुई घालून त्या पाण्याचा दाब मोजला तर ३४ सेंटिमीटर आला. २५ च्या वर म्हणजे जास्त असं सांगितलं. कारण न सापडलेला वाढीव दाब, आयआयएच. असिटाझोलामाइडच्या गोळ्या, वजन थोडं उतरवलं, सूज उतरली. आता दिवस गेल्यावर डोकेदुखी परत अधूनमधून येते, डोळ्यांची तपासणी दर महिन्याला, आत्तापर्यंत ठीक.

खरा घोळ पुढे आहे. गेल्या तपासणीला एका डॉक्टरांनी फाइल चाळली आणि उभ्याउभ्या सांगितलं, मेंदूचा दाब आहे ना, मग कंबरेत सुई अजिबात नाही, पूर्ण भूल देऊन सीझर. पुढच्या खेपेला दुसऱ्या डॉक्टर होत्या, त्या म्हणाल्या काही होत नाही, खुशाल एपिड्युरल, म्हणजे कळांसाठीची कंबरेतली भूल घ्या. दोघांनी मिळून पाच मिनिटंसुद्धा दिली नसतील. मी घरी येऊन रडले, कारण दोघांपैकी कोणीतरी चुकतंय आणि माझ्या अंगावर चुकतंय. ज्यांना यातलं कळतं किंवा जे यातून गेलेत त्यांनी कृपा करून लिहा.

दीपस्तंभ
ताई, घाई करू नका पण माझं ऐका, कंबरेत सुई घेऊ नका. माझ्या बायकोच्या वेळी मेंदूच्या सर्जननी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की कंबरेतून पाणी निघालं तर मेंदू खाली सरकेल आणि श्वास थांबेल. आम्ही ते ऐकलं म्हणून आज आई आणि मुलगी दोघी घरात आहेत. सविस्तर नंतर लिहितो.

शुक्रचांदणी
बापरे, हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला. पण पाऊलवाट, तुझं पाणी तर कंबरेतूनच काढलं होतं ना दाब मोजायला? मग तेव्हा कसं काही झालं नाही?

निवांत
मी भूलतज्ज्ञ आहे, लेबर रूममध्ये बरीच वर्षं गेलीत. शुक्रचांदणींनी नेमक्या जागी बोट ठेवलंय, सगळ्या गोंधळाची किल्ली त्या प्रश्नात आहे. दीपस्तंभ, तुम्हाला जे सांगितलं तेही शंभर टक्के बरोबर होतं, पण तुमच्या पत्नीचा आजार वेगळा असणार. ‘मेंदूवरचा दाब वाढलाय’ या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

मोठ्या माणसाची कवटी ही बंद हाडाची पेटी. आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के पाणी. पेटी ताणत नाही, म्हणून एक गोष्ट वाढली की दुसरीला जागा सोडावी लागते, नाहीतर दाब चढतो. हे मन्रो आणि केली या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी १७८३ आणि १८२४ मध्ये मांडलं आणि आजही आमचा सगळा विचार त्याच पायावर उभा आहे. हे पाणी मेंदूतल्या पोकळ्यांत तयार होतं, दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास, आणि कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून खाली मणक्यात कंबरेपर्यंत खेळतं.

आता वरची टाकी म्हणजे डोकं, खालची टाकी म्हणजे मणका, आणि दोघींना जोडणारी नळी असं धरा. नळी मोकळी असेल तर खालून थोडं पाणी गेलं की दोन्हीकडची पातळी सोबतच उतरते, वर-खाली फरक पडतच नाही, मग सरकायला कारण काय? पाऊलवाट यांचा आजार हा. म्हणूनच त्यांचा दाब कंबरेतून मोजता आला, आणि या आजारात त्रास वाढला तर कंबरेतून पाणी काढणं हा उपचारसुद्धा आहे. क्विंके नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९१ मध्ये कंबरेतून पाणी काढायची पद्धत आणली तीच मुळात वाढलेला दाब उतरवायला, आणि हा आजार पहिल्यांदा नोंदवणाऱ्यांतही त्याचंच नाव येतं.

पण समजा डोक्यात मोठी गाठ आहे, किंवा रक्त साकळून मेंदू एका बाजूला ढकलला गेलाय, किंवा पाण्याची वाट मध्येच बुजलीये. म्हणजे नळी बंद. अशा वेळी खालच्या टाकीला भोक पडलं तर खालचा दाब उतरतो, वरचा तसाच राहतो, आणि मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या त्या मोठ्या भोकात बूच बसावं तसा येऊन बसतो. श्वासाचं आणि हृदयाचं केंद्र नेमकं तिथेच आहे. दीपस्तंभ यांना सांगितलं ते हे.

त्यामुळे आकडा किती आहे यापेक्षा आधी विचारायचं ते हे की नळी मोकळी आहे का. त्याचं उत्तर स्कॅनमध्ये असतं, फाइलीवरच्या एका ओळीत नसतं. ज्यांनी उभ्याउभ्या ‘सुई नाही’ सांगितलं त्यांनी बहुतेक ती ओळ वाचली, स्कॅन पाहिला नाही. ज्यांनी ‘खुशाल घ्या’ सांगितलं त्यांचं उत्तर तुमच्यासाठी बरोबर निघण्याची शक्यता मोठी आहे, पण कारण न सांगता दिलेलं बरोबर उत्तर पेशंटला धीर देत नाही हे मला मान्य आहे.

पाऊलवाट
डॉक्टर, तुम्हाला कसं सांगू, दोन वर्षांत मला हे कोणी असं समजावलं नव्हतं. आता पुढचं विचारते. सुई न घेता नुसत्या कळा सोसल्या तर तो सगळ्यात सुरक्षित मार्ग नाही का? म्हणजे काही टोचायलाच नको. सासूबाई तेच म्हणतायत आणि मलाही मनातून तेच वाटायला लागलंय.

ओंजळ
मी प्रसूतितज्ज्ञ. निवांत लिहितीलच, पण हे माझ्या खात्यातलं आहे म्हणून आधी लिहिते. नाही, तो सुरक्षित मार्ग आपोआप होत नाही. कळ आली की गर्भाशय आवळून रक्त शरीरात परत ढकलतं, दुखण्याने बाई श्वास रोखते, बीपी चढतं. आणि शेवटी तोंड मिटून, हनुवटी छातीला लावून जोर लावायला लागली की छातीतला दाब वाढतो, डोक्यातून खाली येणाऱ्या शिरांतलं रक्त तुंबतं आणि कवटीतला दाब क्षणात वर जातो. फार पूर्वी, १९६० च्या आसपास, कळा चालू असलेल्या निरोगी बायकांमध्ये हे प्रत्यक्ष मोजलंय. दोन कळांच्या मध्ये पाण्याचा दाब २० च्या आसपास, भूल नसताना कळेत ४० च्या जवळ आणि जोर लावताना ७० सेंटिमीटरपर्यंत. ह्या निरोगी बायका होत्या, आणि तुम्ही मुळात ३४ वरून सुरुवात केलेली बाई आहात.

म्हणून चांगली लागलेली एपिड्युरल तुमच्यासाठी चैन नाहीये, औषध आहे असं मी माझ्या पेशंटना सांगते. दुखणं गेलं की श्वास रोखणं जातं. दुसऱ्या टप्प्यातसुद्धा आम्ही लगेच ‘लाव जोर’ म्हणत नाही, गर्भाशयालाच बाळाचं डोकं खाली आणू देतो, तास-दीड तास लागला तरी चालतो, बाळाचे ठोके बघत राहतो. डोकं पुरेसं खाली आलं की व्हॅक्यूम किंवा चिमट्याने मदत करतो म्हणजे आईला कुंथावं लागत नाही किंवा अगदी थोडं लागतं.

आणि हो, आयआयएच आहे एवढ्याच कारणासाठी सीझर करायची गरज नसते. नजर झपाट्याने जायला लागली किंवा बाळाचं काही कारण असलं तर गोष्ट वेगळी.

निवांत
ओंजळ यांच्याशी पूर्ण सहमत. आता एपिड्युरलची दुसरी बाजूही सांगतो कारण एकच बाजू सांगणं मला पटत नाही.

एपिड्युरलमध्ये आपण पाण्याच्या पिशवीच्या बाहेर थांबतो, पिशवीला भोक पाडत नाही. त्या बाहेरच्या जागेत बारीक नळी सरकवून औषध देतो. पण औषध एकदम भसकन दिलं, समजा १५-२० मिली, तर बाहेरून पिशवी दाबली जाते, आतलं पाणी वर ढकललं जातं आणि डोक्यातला दाब थोडा वेळ चढतो. नळी मोकळी असली तरी चढतो, फक्त लवकर उतरतो. म्हणून तुमच्यासारख्या बाईला औषध घोट घोट द्यायचं, एका वेळी ५ मिलीच्या आत, पाच-सात मिनिटं थांबायचं, विचारायचं डोकं कसं वाटतंय, डोळ्यांपुढे काही येतंय का, मग पुढचं. आणि कळा जोरात यायची वाट न बघता लवकर लावायची, म्हणजे घाईत द्यायची पाळी येत नाही.

दुसरी गोष्ट बीपीची. मेंदूला रक्त किती मिळतं ते ढोबळमानाने सरासरी बीपी वजा कवटीतला दाब एवढं असतं. दाब आधीच जास्त, त्यात भुलीने बीपी पडलं तर दोन्हीकडून कोंडी. म्हणून सलाईन, डाव्या कुशीकडे झुकतं ठेवणं, बीपी चढवणारं फेनिलेफ्रिन भरून तयार ठेवणं आणि पहिला अर्धा तास शेजारून न हलणं. हे मी करतो, माझ्या ज्युनिअरांकडूनही करून घेतो.

पाऊलवाट
चुकून पिशवीला भोक पडलं तर? हे मी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून झोप नाही.

निवांत
पडू शकतं. साधारण शंभरात एकदा होतं, थोडं कमी-जास्त. एपिड्युरलची सुई जाड असते, १६ ते १८ गेजची (गेजचा आकडा मोठा तेवढी सुई बारीक), आणि तिने भोक पडलं तर निम्म्याहून जास्त बायकांना नंतर डोकेदुखी होते. तुमच्या आजारात त्याने मेंदू सरकत नाही कारण वाट मोकळी आहे. दुखलं तर दुखेल, त्यावर उपचार आहेत. दाब आधीच जास्त म्हणून अशी डोकेदुखी होणारच नाही असंही समजू नका, ती याही आजारात झालेली पाहिलीये.

पण बंद नळीच्या पेशंटमध्ये मी एपिड्युरललासुद्धा घाबरतो ते याच शंभरातल्या एकासाठी. हेतू बाहेर थांबण्याचा असला तरी हात एकदा पुढे गेला तर ते भोक स्पायनलच्या, म्हणजे पिशवीच्या आतच औषध देतात त्या भुलीच्या, सुईपेक्षा कितीतरी मोठं असतं. स्पायनलला आम्ही २५ किंवा २७ गेजची, पेन्सिलीच्या टोकासारखी सुई वापरतो, त्यातून पाणी फार थोडं पाझरतं. तुम्हाला सीझर लागलंच तर तुमच्यात स्पायनलही चालतं, पूर्ण भूल हा एकच रस्ता उरत नाही.

दीपस्तंभ
आता आमचं लिहितो. निवांत डॉक्टर, तुम्ही म्हणालात तसंच, आमचा आजार वेगळा होता.

बायकोला सहाव्या महिन्यात पहाटे उलट्या व्हायला लागल्या. दिवस आहेत, होतात असं सांगून तीन आठवडे उलटीच्या गोळ्या दिल्या. ती सांगत होती की मळमळत नाही, डोकं ठणकतं आणि एकदम उलटी होते, उलटी झाली की जरा बरं वाटतं. कोणी कान दिला नाही. एक दिवस ती भिंतीला धरून चालायला लागली तेव्हा मीच हट्ट धरला. एमआरआयमध्ये मागच्या बाजूला लहान मेंदूत गाठ, पाण्याची वाट दबलेली, पोकळ्या फुगलेल्या. गर्भारपणात औषध न टोचता साधा एमआरआय करता येतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं, तोपर्यंत सगळे ‘आत्ता स्कॅन नको’ म्हणून टाळत होते. ही खंत मनातून जात नाही.

मग मात्र मोठ्या दवाखान्यात हलवलं आणि तिथे न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ, बाळंतपणाच्या डॉक्टर आणि लहान मुलांचे डॉक्टर एका टेबलाभोवती बसले आणि आम्हा दोघांनाही बसवलं. स्टेरॉइडने मेंदूची सूज आटोक्यात ठेवली, ३४ आठवडे गाठले, आणि ठरवून पूर्ण भुलीत सीझर. भुलीच्या डॉक्टरीणबाई आदल्या संध्याकाळी येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, झोपवण्याआधी मनगटाच्या नाडीत एक नळी घालणार म्हणजे प्रत्येक ठोक्याचं बीपी दिसेल, ते थोडं दुखेल, आणि बाळ जरा झोपाळलेलं निघेल, रडलं नाही म्हणून घाबरू नका, त्याला श्वास द्यायला माणूस उभाच असेल. आणि झालंही तसंच. मुलगी मलूल निघाली, दोन-तीन मिनिटं पिशवीने श्वास दिला, मग रडली. ती दोन मिनिटं मी काचेबाहेर उभा होतो आणि फक्त त्या बाईंचं वाक्य आठवत होतो. गाठ आठ दिवसांनी काढली. साधी निघाली.

पाऊलवाट ताई, तुम्हाला पहिल्याच ओळीत घाबरवलं त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मला वाटलं होतं दाब म्हणजे दाब.

पाऊलवाट
अहो दादा माफी कसली, तुम्ही लिहिलंत म्हणून तर फरक कळला. वहिनींना आणि लेकीला खूप प्रेम.

शुक्रचांदणी
दीपस्तंभ, वाचताना डोळे भरून आले. निवांत सर, पूर्ण भुलीत बाळ झोपाळू का निघतं? आणि मेंदूवर दाब असणाऱ्याला पूर्ण भूल सोपी असते का? आम्हाला वाटायचं झोपवलं की संपलं.

निवांत
सोपी अजिबात नसते, उलट आमच्या कामातल्या अवघड भुलींपैकी ही एक. दोन कामं एकमेकांच्या उलट ओढतात.

गर्भार बाईचं पोट भरलेलं धरून चालायचं असतं, गर्भामुळे घसा सुजलेला असतो, ऑक्सिजन पटकन उतरतो, म्हणून आम्ही झटपट झोपवून झटपट श्वासनळीत नळी घालतो. पण ती नळी घालताना घशाला जो स्पर्श होतो त्याने बीपी आणि कवटीतला दाब उसळतो, आणि नेमकं तेच टाळायचं असतं. मग प्रोपोफॉल किंवा थायोपेंटॉन या झोपवणाऱ्या औषधाचा पुरेसा डोस आणि जोडीला मॉर्फिनच्या जातीचं रेमिफेंटानिल किंवा फेंटानिल, कधी बीपी उतरवणारं लॅबेटॅलॉल, म्हणजे ती उसळी दबते. पण रेमिफेंटानिल वारेतून बाळाकडे जातं, म्हणून बाळ झोपाळतं. पूर्वी ‘बाळ निघेपर्यंत आईला मॉर्फिनच्या जातीचं काही द्यायचं नाही’ असा नियम होता, या पेशंटमध्ये तो मी पाळत नाही. बाळाला पाच मिनिटं श्वास देता येतो, आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला तर तो परत फिरवता येत नाही. फक्त बाळाच्या डॉक्टरांना आधी सांगून शेजारी उभं करायचं, दीपस्तंभ यांच्याकडे केलं तसं.

स्नायू ढिले करायला सक्सामेथोनियम दिलं तर दाब किंचित चढतो, पण श्वासनळी हाती न लागणं हा त्याहून मोठा धोका, त्यामुळे ते वर्ज्य नाही. जिथे रोक्युरोनियमचा असर उतरवणारं सुगामाडेक्स हाताशी आहे तिथे मी स्नायू ढिले करायला रोक्युरोनियम घेतो.

श्वासाचंही भान लागतं. जास्त श्वास देऊन कार्बन डायऑक्साइड उतरवला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, दाब उतरतो, हे खरं. पण गर्भार बाईचा आकडा मुळातच ३० ते ३२ असतो, इतरांचा ४० च्या आसपास, त्याखाली फार ओढलं तर गर्भाशयाचं रक्त कमी होतं आणि मेंदूचंही. म्हणून तिच्या नेहमीच्या आकड्यावरच ठेवायचं, मेंदू सरकायचीच चिन्हं दिसली तर तात्पुरतं खाली. मेंदूतलं पाणी ओढून दाब उतरवणाऱ्या मॅनिटॉलचंही तसंच, ते वारेतून बाळाकडे जातं आणि भरपूर दिलं तर बाळाच्या अंगातलं पाणी ओढतं, पण आईला गरज असेल तर पाव ते अर्धा ग्रॅम दर किलोला देतो. डोकं ३० अंश वर, मान सरळ, गळ्याभोवती नळी बांधायची दोरी आवळलेली नको, चिकटपट्टी लावायची, कारण गळ्याच्या शिरा दबल्या तरी डोक्यात रक्त तुंबतं. एवढ्याशा दोरीने काय होतं असं वाटतं, पण होतं.

आणि उठवताना खोकला. सगळं नीट करून शेवटी पेशंट नळीवर धाडधाड खोकली तर केलेलं वाया. तिथे घाई करणाऱ्याला मी ऑपरेशन थिएटरमध्येच थांबवतो.

काजळरेघ
मी वेगळ्या गटातली. लहानपणापासून शंट आहे, डोक्यातून पोटात पाणी उतरवणारी नळी. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही वेळा एपिड्युरल घेतली, काही त्रास नाही. मात्र आधी शंट चालू आहे ना ते न्यूरोवाल्यांनी तपासून लिहून दिलं होतं, आणि पोट वाढल्यावर नळीवर दाब येऊन शंट अडू शकतो म्हणून डोकेदुखी, उलटी, झोपाळूपणा आला तर त्याच दिवशी यायला सांगितलं होतं. पाऊलवाट, तुला पण शंट घालायचं बोलणं झालं होतं का कधी?

पाऊलवाट
झालं होतं, गोळ्यांनी नाही उतरला तर म्हणून, पण कंबरेतून पोटात जाणारा. वेळ आली नाही.

निवांत
काजळरेघ, तुमचा अनुभव महत्त्वाचा आहे. डोक्यातून पोटात जाणारा शंट नीट चालत असेल तर कंबरेत सुईला सहसा अडचण नसते. कंबरेतून निघणारा शंट असेल तर मात्र तो कुठल्या मणक्यापाशी आत शिरलाय ते चित्रात बघूनच सुई घालायची, नळीला धक्का लागायला नको. आणि त्यात स्पायनलचं औषध शंटमधून पोटात वाहून जाऊन भूल अर्धवट लागू शकते. असं काही असेल तर भूलतज्ज्ञाला ऑपरेशनची जुनी चिठ्ठी दाखवा, ती घरात शोधून ठेवा.

रातराणी
मी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे, रात्रपाळी जास्त. डॉक्टरांनी सुईपर्यंत सांगितलं, मी नंतरचं सांगते कारण ते आमच्याकडे येतं.

बाळंतिणीचं डोकं दुखलं की सगळे एकदम म्हणतात सुईमुळे. मी आधी एकच करते, तिला सपाट निजवते आणि दहा मिनिटांनी विचारते. भोकाची डोकेदुखी असेल तर आडवं झालं की उतार पडतो, उठून बसलं की मान धरून दुखतं, बहुतेकींना पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतं. वाढलेल्या दाबाची उलट वागते, आडवं झालं, खोकलं, वाकलं की जास्त. मग मी नाडी, बीपी, डोळ्यांच्या बाहुल्या बघते आणि फोन लावते, रात्रीचे तीन वाजले असले तरी. बीपी चढलेलं असेल, नजर फिरत असेल, झटका आला, एक हात जड झाला, शुद्ध मंद झाली तर ते सुईचं नाहीच, गर्भारपणातल्या बीपीतून येणारा झटक्याचा आजार, शिरेतली गुठळी, मेंदूतला रक्तस्राव यातलं काहीही असू शकतं. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका जास्त असतो हे आम्हाला घोटून शिकवलंय. आणि सुरुवातीला आडवं होऊन बरं वाटणारी डोकेदुखी नंतर अष्टौप्रहर दुखायला लागली तर तेही परत डॉक्टरांना दाखवायचं, ‘आधीच निदान झालंय’ म्हणून बसायचं नाही.

ओंजळ
रातराणी, तुमच्यासारखी सिस्टर रात्री असेल तर आम्ही निर्धास्त झोपतो.

एक भर घालते. बाळंत झाल्यावर रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन देण्याची सवय असते, त्याने बीपी उसळतं, अशा पेशंटला ते टाळायचं. ऑक्सिटोसिन चालतं, एकदम शिरेत न ढकलता सावकाश. ज्यांना गुठळीसाठी रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू आहेत त्यांना कंबरेत सुईच्या आधी वेळ मोजावी लागते, लहान डोसनंतर किमान १२ तास, उपचाराच्या मोठ्या डोसनंतर २४. म्हणून कळा सुरू झाल्यावर शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं हे आल्याआल्या सांगा.

पाऊलवाट
(बारा दिवसांनी) कळवायला आले. भूलतज्ज्ञांची वेळ मागून घेतली, आधी म्हणाले कळा लागल्यावर भेटतीलच, मी म्हटलं मला आत्ता भेटायचंय. भेटले, चाळीस मिनिटं दिली. स्कॅनची सीडी लावून स्वतः बघितली, मला पण बोट ठेवून दाखवलं की पोकळ्या फुगलेल्या नाहीत, मधली रेघ मधेच आहे, तळाशी जागा मोकळी आहे. मी विचारलं नळी मोकळी आहे ना, तर क्षणभर बघतच राहिले, मग म्हणाले हो, मोकळी आहे. डोळ्यांचा ताजा रिपोर्ट जोडला. मग एक पान लिहून फाइलीच्या पहिल्या पानावर चिकटवलं म्हणजे रात्री जो कोणी असेल त्याला उभ्याउभ्या ठरवावं लागणार नाही. त्यांनीच सुचवलं की त्याचा फोटो फोनमध्ये पण ठेवा.

निवांत
हे वाचून फार बरं वाटलं. चिकटवलेलं पान ही सगळ्यात मोठी गोष्ट.

पाऊलवाट
(पाच आठवड्यांनी) मुलगा झाला. ३८ पूर्ण झाल्यावर पहाटे पाणी गेलं. कळा हलक्या असतानाच एपिड्युरल लावली, दुसऱ्या प्रयत्नात बसली. घोट घोट औषध, प्रत्येक घोटानंतर त्या डॉक्टर माझ्या चेहऱ्याकडे बघत विचारायच्या, डोकं? डोळे? मला तो आवाज अजून ऐकू येतो. एकदा डोकं जड वाटलं, मी सांगितलं, त्या थांबल्या, मोजून दहा मिनिटांनी परत सुरू केलं. दुसऱ्या टप्प्यात सव्वा तास नुसती कुशीवर पडून होते, कोणी ओरडलं नाही जोर लाव म्हणून. शेवटी व्हॅक्यूमच्या दोन ओढींत आला आणि आल्याआल्या रडला.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं. रातराणी ताई, मी स्वतःच सपाट निजून बघितलं, फरक पडला नाही पण वाढलंही नाही, सिस्टरना सांगितलं, बीपी नॉर्मल, डोळे बघितले, सूज नाही. रात्रभर झोप झाली तशी दुखणं गेलं. सातव्या दिवशी डोळ्यांची पूर्ण तपासणी झाली, नजरेचा नकाशा आधीसारखाच आहे. गोळ्या परत चालू, अंगावर पाजणं चालू ठेवायला हरकत नाही म्हणालेत.

काजळरेघ
अभिनंदन गं! त्या पानावर काय काय लिहिलं होतं ते टाकशील का? माझ्या मावसबहिणीला हाच आजार आहे, चौथा महिना चालू आहे, तिला दाखवते.

पाऊलवाट
फोटोवरून जसंच्या तसं उतरवतेय. ‘आयआयएच, गाठ नाही, पाण्याला अडथळा नाही, स्कॅन स्वतः पाहिला. कंबरेतली भूल चालेल, लवकर लावावी, औषध थोडं थोडं. सीझर लागल्यास स्पायनल चालेल. जास्त वेळ कुंथू देऊ नये. मेथर्जिन नको. नजर कमी झाली, शुद्ध मंद झाली किंवा नवीन प्रकारची डोकेदुखी आली तर हे पान बाजूला ठेवून आधी न्यूरोला बोलवा.’ खाली सही, तारीख आणि त्यांचा फोन नंबर, तो इथे देत नाही. तुझ्या बहिणीला म्हणावं हे पान तसंच वापरू नकोस, तिचा स्कॅन बघून तिचं वेगळं लिहून घे. बाळ उठलं, जाते.